राहून गेलेली उचलबांगडी

जबलपूरच्या कमानिया गेटपाशी शिंगाड्यांच्या हातगाड्या लागल्या की मी दरवर्षी ठरवतो, यंदा त्या बाजूला फिरकायचं नाही. आणि दरवर्षी फिरकतो. दसरा नुकताच झालेला असतो, पहाटे पायाशी पडलेली चादर अंगावर ओढून घ्यावीशी वाटते, ऊन तेच असतं पण चावत नाही. गाडीवर एका अंगाला कच्चे, हिरवे-लाल शिंगाडे, दुसऱ्या अंगाला उकडून काळे पडलेले, आणि मध्ये मिठाचा वाडगा. गाडीवाली आता ओळखते. "दादाजी, कच्चे दूँ कि उबले?" ती विचारते. मी म्हणतो, "दोनों." कच्चे ताईसाठी, उकडलेले माझ्यासाठी. मग मी सायकलरिक्षात बसतो आणि गढ्याला ताईच्या घरी जातो. वाटभर पिशवीतून शिंगाड्यांचे काटे मांडीला टोचत असतात. पिशवी बाजूला ठेवता येते, पण मी ती ठेवत नाही.

कारण ताईची शाळा याच मोसमात सुटली, आणि माझी सुटू नये म्हणून सुटली. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कधी बोललं नाही. बोलणारी माणसं एकेक करून गेली. आता उरलो आम्ही दोघं आणि मधला हा शिंगाड्यांचा ढीग.

तेव्हा आपलं जबलपूर मध्यप्रांतात होतं. सरकार नागपुरात बसायचं आणि आमचे बाबा म्युनिसिपालिटीत नोकरीला होते. आमच्या वॉर्डात नुकतंच सक्तीचं शिक्षण लागू झालं होतं. सहा वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतच्या मुलाला शाळेत धाडलंच पाहिजे, नाही धाडलं तर आईबापाला कचेरीत बोलावणं. अकरा पुरी झाली की पोरगं मोकळं. मग त्याला पुढे शिकवा, नाहीतर बिड्या वळायला बसवा, सरकारला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ही सक्ती घरोघर पोचवायचं काम बाबांचं. हुद्दा होता हजेरी अधिकारी, लोक म्हणायचे हाजिरीबाबू. गल्लीतल्या बाया पोरांना भरवताना भीती घालायच्या, "खा ले, नहीं तो हाजिरीबाबू ले जाएगा." हे घरी सांगितलं की आई हसायची. बाबा हसायचे नाहीत. काळा कोट, धोतर आणि हातात छत्री, मग ऊन असो नाहीतर नसो. रस्त्यात कोणतंही पोरगं दिसलं की थांबून विचारायचे, "काहून रे, आज शाळा नाही?" पोरगं मराठी नसलं तरी त्याला प्रश्न बरोबर कळायचा.

पोरांचं वय ठरवणं ही मात्र मोठी भानगड होती. शाळेत घालताना सोपं होतं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता आला की पोरगं सहा वर्षांचं झालं. पण शाळेतून निघायच्या वयाला असा कान नव्हता. आयांना विचारावं, तर शाळेत घालायच्या वेळी पोरगं चारच वर्षांचं असायचं आणि कामाला लावायच्या वेळी एकदम अकरा पुरं. मधली वर्षं कुठे जायची देव जाणे. कोणी म्हणायचं, नर्मदेला मोठा पूर आला तेव्हा पोटात होता. कोणी म्हणायचं, प्लेगच्या पुढच्या साली झाला, आणि ते खरं धरलं तर पोरगा लग्नाचा निघायचा. बाबांनी मग आपली रीत काढली. ते पोराला तोंड उघडायला लावायचे आणि बैलबाजारात बघतात तसे दात बघायचे. आत कुठे दुधाचा दात हलताना दिसला की म्हणायचे, "अजून एक साल आहे. चलो."

तलाव आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. जबलपुरात तेव्हा जिथे जाल तिथे तलाव. आमचा आता बुजला आहे, त्यावर दुकानं झाली आहेत, आणि हा चष्मा मी त्यातल्याच एका दुकानात केला. त्या दिवसांत मात्र दसऱ्यानंतर सगळा तलाव वेलींनी हिरवा व्हायचा, काठावर चिखलाचा आणि सोललेल्या शिंगाड्यांचा गोडसर वास सुटायचा, आणि ढीमरांची मुलं शाळेतून गायब व्हायची. ढीमर म्हणजे आमच्याकडचे मासे धरणारे, शिंगाडे लावणारे लोक. दोन घडे पालथे घालून त्यांच्यामध्ये बांबू बांधायचा, त्यावर पोटावर पडून पाण्यातून सरकत जायचं, वेल उलटायची आणि खालचे शिंगाडे खुडायचे. याला हलकं अंग लागतं. बाप बसला की घडे बुडायचे. म्हणून मुलं.

बाबा काठावर छत्री टेकून उभे राहायचे आणि मंगल नावाचा एक ढीमराचा मुलगा तलावाच्या मधोमध असायचा.

"मंगल, बाहर आओ," बाबा हाक मारायचे.

"बाबूजी, ग्यारह का हो गया," त्याची आई टोपली भरता भरता काठावरून सांगायची.

"मुँह खोल," बाबा पाण्याकडे बघून म्हणायचे.

आणि मंगल तिथेच, घड्यांवर तरंगत, आज्ञाधारकपणे आ करायचा. तेवढ्या लांबून दात काय दिसणार, कपाळ. पण बाबा डोळ्यांवर हात धरून नीट बघायचे, आणि मंगलही त्यांचं बघून होईपर्यंत तोंड मिटायचा नाही. मला अजून हसू येतं. हसून होतं आणि मग पुढचं आठवतं.

जी मुलं पाण्यात नसून जमिनीवर सापडायची, त्यांच्यासाठी उचलबांगडी होती. हल्ली हा शब्द साहेबलोकांच्या बदलीपुरता उरला आहे. आमच्याकडे ती खरोखरीची व्हायची. सकाळी हजेरी झाली की गुरुजी वरच्या वर्गातले दणकट विद्यार्थी बाबांच्या दिमतीला द्यायचे. मी काही दणकट नव्हतो, पण हाजिरीबाबूचा मुलगा म्हणून माझा वशिला लागायचा, आणि मला कायम डावा पाय मिळायचा. दोघांनी दोन हात धरायचे, दोघांनी दोन पाय, आणि गैरहजर विद्यार्थ्याला आडवा टांगून गल्लीतून वाजतगाजत शाळेत आणायचं. आमची चाहूल लागली की पोरगं आधी दाराशी धावायचं आणि ओट्याचा खांब दोन्ही हातांनी कवटाळून बसायचं. हा खेळाचा नियमच झाला होता. मग त्याची बोटं एकेक करून सोडवायची. उचलल्यावर ते थोडा वेळ लाथा झाडायचं, पण बाया ओट्यावर येऊन बघायला लागल्या की त्यालाही रंग चढायचा. काहीजण तर मुद्दाम घरी राहायचे, फुकटात पालखी मिळते म्हणून.

शाळेत पोचल्यावर गुरुजी मारायचे नाहीत, मूठभर फुटाणे द्यायचे. हे बाबांचं सांगणं होतं. ज्याला ओढून आणलाय त्याला मारलं तर उद्या तो आणखी लांब पळेल, असं ते म्हणायचे. त्या काळात हे फारसं कोणाला सुचत नव्हतं. आमचे बाबा चांगले होते, आणि हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ते वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं.

ताई तेव्हा दहा वर्षांची होती आणि मी आठ. तिचं नाव सिंधू. मुलींची शाळा पलीकडच्या गल्लीत होती, तिथे एका खोलीत मराठी वर्ग भरायचा, सगळ्या इयत्ता मिळून एकच बाई. ताईला शाळा आवडायची असं म्हणायला गेलो तर ते फार कमी होईल. ती परकराच्या ओच्यात खडू घेऊन घरी यायची. संध्याकाळी पाणी आणायला गेली की तलावाच्या पायरीवर भागाकार मांडून ठेवायची आणि दुसऱ्या सकाळी शाळेत जाताना वाट वाकडी करून तो तपासायची. बाईंनी तिला सांगितलं होतं, चौथी झालीस की पुढे मिशनच्या शाळेत तुझं नाव घालू, तिथे पृथ्वीचा गोल आहे, बोटाने फिरवता येतो. ताईने तो गोल पाहिला नव्हता. पण पाटावर पालथी वाटी ठेवून ती मला त्यावर समुद्र दाखवायची, आणि वाटीच्या काठाशी कुठेतरी आपली नर्मदा. मला त्यात काही दिसायचं नाही. मला वाटीत काय वाढणार याचीच काळजी असायची. शाळा तर मला मुळीच रुचत नव्हती. पावकीचा पाढा म्हणताना माझी गाडी चिखलात रुतायची ती रुतायचीच.

त्या वर्षी नवरात्रात आमच्याकडे लहान्या झाला, आमचा धाकटा भाऊ. आईचं बाळंतपण जड गेलं. पायांवर सूज, उठून बसली की घेरी. सुईण सांगून गेली, हिला इतक्यात चुलीशी जाऊ देऊ नका. आईचं माहेर अमरावतीकडे, तिथून कोणी येण्यासारखं नव्हतं. एका सकाळी बाबा कामावर निघाले होते आणि ताई आरशासमोर वेणी घालत होती, रिबीन दातांत धरलेली.

"लहान्याला धरायला कोणी पाहिजे," आई खाटेवरून म्हणाली. "दत्तू राहील न घरी थोडे दिवस. तसाही तो शाळेत काय करून राहिला?"

दत्तू म्हणजे मी. मला इतका आनंद झाला की मी लगेच पाळण्याची दोरी हातात घेतली.

"त्याला ठेवता येत नाही," बाबा कोटाची बटणं लावत म्हणाले. "कायदा आहे. हाजिरीबाबूचाच पोरगा गैरहजर, तर मी लोकांच्या दारात कोणत्या तोंडाने उभा राहू?"

"मग कसं करायचं?"

बाबांनी ताईकडे पाहिलं. "सिंधू राहील," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत. मग जाईल न परत."

ताईने दातांतली रिबीन काढली. "बाबा, माझी परीक्षा आहे."

"बघू," बाबा म्हणाले.

एवढंच झालं. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. मी दोरी सोडली, ती ताईने धरली, आणि मी पाटी घेऊन शाळेत गेलो. जाताना मी चिडलेलो होतो. घरी राहायला मिळालं ताईला आणि शाळेत जावं लागलं मला, हा माझ्यावरचा अन्याय आहे असं मला मनापासून वाटत होतं.

कायद्यात 'मुलगा' असं लिहिलं होतं. तो करणारे शहाणे लोक होते, त्यांच्या मनात वाईट काही नसणार. मुलींच्या शाळा पुरेशा नाहीत, शिकवायला बाया नाहीत, लोक बिथरतील, तेव्हा आधी मुलगे, मग मुली, पायरीपायरीने. बाबाही पुढे कोणी विचारलं तर असंच समजावून सांगायचे आणि ते पटायचं. मीही मास्तरकी करताना कितीदा तरी तेच सांगितलं आहे. पायरीपायरीने सगळं होतं, खोटं नाही. फक्त जी खालच्या पायरीवर उभी असते तिचं वय काही थांबून राहत नाही. माझ्यावरची सक्ती बसली तिच्या मानेवर. मुलगा असती तर अजून एक वर्ष तिला खुद्द तिचा बापही घरी ठेवू शकला नसता.

दिवाळी झाली. आईची सूज उतरली नाही. बाबा म्हणाले, ग्यारस होऊ दे. आमच्याकडे कार्तिकातल्या एकादशीला ग्यारस म्हणतात. त्या दिवशी अंगणात उसाचा मांडव घालून देवाला शिंगाडे दाखवतात. ग्यारसही झाली. त्या संध्याकाळी ताई लहान्याला खांद्यावर थोपटत माझ्याजवळ आली.

"उद्या कोणाकोणाची उचलबांगडी आहे?" तिने विचारलं.

"मंगलची. पाणी थंड झालं न आता, तो बाहेर सापडेल."

"आणि?"

"आणि त्याच्या शेजारचा एक आहे. काहून?"

"काही नाही. आपल्या गल्लीतूनच जाल न?"

"जाऊ की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीत शिरलो. पुढे बाबा, मागे आम्ही मुलं. आमच्या ओट्यावर ताई बसली होती. तिने हिरवा परकर नेसला होता, जो ती सणालाच नेसायची. वेण्या घट्ट, रिबिनी नीट, मांडीवर दप्तर. आणि एका हाताने तिने ओट्याचा खांब धरला होता. आम्ही जवळ आलो तसा दुसरा हातही खांबाला लावला.

मला वाटलं ती आमची नक्कल करून राहिली. मी तिला जीभ काढून दाखवली.

आमच्यात उजवा हात धरणारा एक मोठा मुलगा होता. तो साध्या मनाचा होता, त्याला जे दिसलं ते त्याने विचारलं. "बाबूजी, जीजी को भी उठाना है क्या? ये भी तो नहीं आती."

बाबा थांबले. छत्रीचं टोक त्यांनी दगडावर टेकवलं आणि ताईकडे पाहिलं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. आतून लहान्याच्या रडण्याचा आवाज यायला लागला होता. बाबांना हो म्हणायला काय लागलं असतं, हे मी पुढे आयुष्यभर मोजत बसलो आहे, आणि दरवेळी वेगळं उत्तर येतं. घरात आजारी बायको, तान्हं मूल, बाहेर हसणारं गाव. काही सोपं नव्हतं. पण त्या घटकेला ते फक्त एवढंच म्हणाले, "चलो, चलो. लड़कियों का नहीं है."

आम्ही पुढे गेलो. मंगल खरंच घरी सापडला. त्याचा डावा पाय पाण्याने ओला होता, माझ्या हातातून सारखा निसटत होता, आणि सगळे इतके हसत होतो की दोनदा त्याला खाली ठेवावं लागलं. येताना पुन्हा आमच्या घरावरून आलो. ओटा रिकामा होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबा आम्हाला मागच्या गल्लीने न्यायला लागले. तिकडून लांब पडायचं, मध्ये गटार होतं, बाबांचं धोतर भिजायचं. मुलांनी कारण विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटतं कारण मला माहीत होतं. आठ वर्षांच्या मुलाला जितकं माहीत असतं तितकं.

ग्यारसचं संक्रांतीवर गेलं, संक्रांतीचं होळीवर. होळीनंतर म्हणाले, आता जुलैत नव्याने नाव घालू. जुलैत बाबांनी डोंडी पिटवून सगळ्या वॉर्डाला सांगितलं की मुलांना शाळेत घाला. ताईने तोवर विचारणं सोडून दिलं होतं. न विचारणारं माणूस घरात सगळ्यांनाच बरं पडतं. आई हिंडूफिरू लागली, तरी ताईवाचून घर चालेना, कारण आता ते ताईच्याच हाताला लागलं होतं. पुढे म्हातारपणी आई कधीतरी आपल्याच पायांकडे बघत म्हणायची, "याच सुजेनं खाल्ली माझ्या पोरीची शाळा." असं म्हटल्यावर ती पदराने पाय झाकून घ्यायची.

मग माझी अकरा पुरी झाली. आता मला कोणी धरून ठेवू शकत नव्हतं, आणि मी तर सुटायला टपलेलोच होतो. ओळखीचे एकजण कारखान्यात उमेदवारीला लावून देतो म्हणाले होते. जेवताना मी बाबांना सांगितलं, मला पुढे नाही शिकायचं, सक्ती संपली. बाबा भात कालवत म्हणाले, "बघू."

ताई चुलीशी पोळ्या लाटत होती. लहान्या तिच्या पाठीला चिकटून उभा होता. तिने लाटणं थांबवलं.

"सक्ती नाही न?" ती म्हणाली. "मग उद्यापासून तू लहान्याला धर अन् पोळ्या लाट. मी जाते शाळेत."

तिचा आवाज चढला नव्हता. बाबांनी ताटात हात धुतला आणि उठले. मी दुसऱ्या दिवशी निमूट शाळेत गेलो आणि मॅट्रिक होईपर्यंत पुन्हा तो विषय काढला नाही. ताईच्या धाकाने मुलगा शिकला, असं आमच्याकडे कौतुकाने सांगतात. पण त्या प्रश्नानंतर ती दोन वाक्यं बोलली होती. पहिलं सगळ्यांनी ऐकलं. दुसरं, 'मी जाते शाळेत', ते कोणाच्याच कानावर पडलं नाही असं आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. तेव्हा कोणी नुसतं 'जा' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी मास्तर झालो. बरीच वर्षं कुंडमला होतो, जंगलाच्या तोंडाशी. शाळेत मुली यायच्या आणि मोसम पालटला की कमी व्हायच्या. कधी महुआ वेचायला, कधी तेंदूपत्ता तोडायला, कधी धाकटं भावंड धरायला. मी त्यांच्या घरी जायचो. बाप खाट टाकायचा, चहा यायचा, मी शिक्षणाचं महत्त्व सांगायचो आणि तो मान हलवून म्हणायचा, "देखेंगे, मास्साब." 'देखेंगे' म्हणजे काय ते मला दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं. तरी मी चहा संपवून उठायचो. माझ्या वर्गात एक पृथ्वीचा गोल होता. वर्षातून एकदा तो पुसायला काढला की त्या दिवशी माझं शिकवण्यात लक्ष लागायचं नाही.

ताईचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. घर जबलपुरातच, गढ्याला मिळालं, नवरा रेल्वेत, माणूस चांगला. बाबा निवृत्त झाल्यावर दर कार्तिकात तिच्याकडे शिंगाडे घेऊन जायचे, आणि मी असलो की मलाही बरोबर न्यायचे. नुसते देऊन परतायचे नाहीत. तिच्या ओसरीवर मांडी घालून बसायचे आणि स्वतः सोलायचे. कच्चा शिंगाडा सोलला की बोटं काळी पडतात, कितीही धुवा, डाग दोन दिवस जात नाही. बाबांना स्वच्छतेचं वेड, पण या एका कामात ते बोटांकडे बघायचे नाहीत. अख्खा निघालेला शिंगाडा ताईच्या ताटलीत, तुटलेला आपल्या तोंडात. ताई म्हणायची, "बाबा, पुरे न, मी सोलते." ते म्हणायचे, "राहू दे." बापाने लेकीची माफी मागायची रीत आमच्यात नव्हती, सोलून द्यायची होती. बाबा गेले त्या वर्षीपासून पिशवी मी नेतो. सोलायला मात्र मला जमत नाही, मी तुकडे करतो. म्हणून ताईच सोलते आणि मी खातो. हेही आमचं जुनंच आहे.

परवा गेलो तर ताईची मुलगी विमल आली होती. विमल रिछाईच्या एका कारखान्यात ऑफिसात मोठ्या जागेवर आहे, पोरंबाळं मोठी झाली, केस पांढरे, पण आईकडे आली की पाय पसरून बसते. मध्ये वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर शिंगाडे, आम्ही तिघं भोवती.

"मामा, आईने मला एकदा शाळेत कसं नेलं होतं माहीत आहे का?" विमल म्हणाली. "मी दहा वर्षांची घोडी. म्हटलं, पोट दुखून राहिलं, नाही जात आज. अन् दाराचा खांब धरून बसली. हिने एक शब्द नाही बोलला. शेजारच्या तीन बाया बोलावून आणल्या. दोन हात, दोन पाय. सगळ्या बाजारातून नेलं मला, अच्छे से. वर्गात ठेवलं अन् फुटाणे दिले."

मला हे माहीत नव्हतं. माझ्या हातातला शिंगाडा हातातच राहिला.

"जड होती मेली," ताई म्हणाली. "चौघी होतो तरी दम लागला."

विमल हसली. मीही हसलो, हसायचं म्हणून. ताईने हातातला शिंगाडा न बघता, काटा चुकवून, टोक दाताने तोडून सोलला. तो अख्खा निघाला. तिने तो माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा घेतला.

"मी तर हलकी होती," ती म्हणाली. "अन् खांब मी घट्ट नव्हता धरला, दत्तू."